एका नांगीचा खेकडा

ठोकमावशीला हे नाव कुणी ठेवलं यावर आमच्या कारखान्यात अजून वाद आहे. जो तो म्हणतो, मी ठेवलं. मी म्हणत नाही, कारण मी कामाला लागलो तेव्हा ती आधीच ठोकमावशी होती, आणि दुपारच्या सुट्टीच्या आत तिनं माझंच बारसं उरकून टाकलं होतं. मी धार लावतो, सहाणेच्या दगडाशी बसतो, म्हणून सहाण्या. "शहाणा होशील तेव्हा बघू," म्हणाली आणि पुढच्या पात्यावर ठोका घातला.

आम्ही शिंप्यांच्या कात्र्या बनवतो. मोठ्या, जड, एकदा घेतल्या की नातवाच्या हातात जाईपर्यंत टिकणाऱ्या. पात्याच्या बुडाशी, स्क्रूच्या जरा खाली, नखाएवढा खेकडा असतो, दोन्ही नांग्या वर उचललेला. खेकडा छाप. पातं तापवून, तेलात बुडवून कडक करायच्या आधी, मऊ असतं तेव्हाच हा खेकडा उमटवायचा असतो. पोलादी ठसा पात्यावर उभा धरायचा आणि वरून हातोड्याचा एक ठोका. एकच. दुसरा घातलात तर ठसा केसभर तरी सरकतो, खेकड्याला दुप्पट पाय फुटतात आणि पातं भंगारात जातं. मध्यंतरी या कामाला मशीन आणलं होतं. त्यानं पाती वाकवली आणि लवकरच कोपऱ्यात जाऊन बसलं. अजून बसलंय, वर आम्ही टोप्या ठेवतो.

तर हा ठोका मावशीचा. दिसायला मूठभर बाई, चष्म्याला दोरी, एक कान ठोक्यांपायी गेलेला, आणि उजवा हात डाव्यापेक्षा इतका जाड की तिचा शिंपी दोन्ही बाह्यांची मापं वेगळी घ्यायचा आणि दर वेळी फीत परत लावून बघायचा. "बघ बघ," ती त्याला म्हणायची, "तुझ्या कात्रीनंच केलंय हे." जिभेला धार माझ्या दगडाची. कुणी उशिरा आलं की "या, आरतीला वेळेवर आलात" आणि कुणी काम बिघडवलं की नुसतं "वा". त्या "वा"ला लोक शिवीपेक्षा जास्त भ्यायचे.

तिच्या आधी त्या ऐरणीवर तिचा नवरा होता. तो अचानक गेला, मुलगा तेव्हा शाळेतही जात नव्हता. आमच्या थोरल्या मालकांनी तिला झाडू मारायला ठेवलं. मावशी काही महिने झाडत होती आणि झाडता झाडता नवऱ्याच्या ऐरणीपाशी रेंगाळत होती. तिथं आणलेला नवा माणूस पात्यामागून पातं वाया घालवत होता. एक दिवस तिनं झाडू भिंतीला टेकवला, त्याच्या हातातून हातोडा घेतला आणि ठोका घातला. थोरले मालक मागे उभे होते. दुसऱ्या दिवशी झाडायला दुसरी बाई आली.

मुलगा मग शाळा सुटली की इकडेच यायचा. तिच्या ऐरणीसमोर पालथ्या डब्यावर बसून अभ्यास करायचा. हुशार पोरगा. मला काका म्हणायचा आणि मी त्याच्या पेन्सिलींना अशी टोकं काढून द्यायचो की मास्तरांनी एकदा जप्त केल्या.

आता आमच्याकडची एक रीत सांगतो, कारण सगळं रामायण तिथूनच घडलं. ठसा पोलादाचा असला म्हणून काय झालं, मार खाऊन खाऊन एक दिवस त्याची कड उडतेच. त्याला आम्ही म्हणतो, ठसा मेला. व्यवहारी कारखान्यात मेलेला ठसा तापवून ठोकून त्याचा गोळा करतात. आमच्या थोरल्या मालकांची गोष्टच वेगळी. ज्याच्या हातात ठसा मेला त्याला तो घरी न्यायला द्यायचा, अशी रीत त्यांनी घातली. काम थांबायचं, सगळे उभे राहायचे, मालक स्वतः फडक्यात गुंडाळून ठसा हातात द्यायचे, मग चहा. मेलेला ठसा पुन्हा कशावर मारायचा नाही, एवढा एकच नियम. तो कधी लिहिला गेला नाही, कारण कुणी मोडेल असं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. लोक तो ठसा घरात दर्शनी भागात ठेवायचे आणि पाहुण्यांना कंटाळा येईपर्यंत त्याची कहाणी ऐकवायचे.

मावशीच्या हातात मेलेल्या ठशांपैकी एकाची डावी नांगी उडाली होती. तिरपी, मुळापासून. "लढाईत गेली बिचाऱ्याची," म्हणाली आणि घेऊन गेली. पुढे मुलगा मोठा झाला, परदेशी गेला, तिथल्या एका गोदामात लागला आणि दर रविवारी फोन करू लागला. थोरले मालकही गेले, त्यांची मुलगी कारभार बघू लागली. तिला आम्ही सगळे ताई म्हणतो. कारखाना चालू होता, मी दगडाशी होतो, मावशी ऐरणीशी होती. यापुढे आता काही घडायचं राहिलंय असं मला तरी वाटत नव्हतं.

त्या सकाळी ताई धावतच खाली आल्या. "आपला माल तिकडच्या बंदरावर अडवलाय," त्या म्हणाल्या. तिकडचं म्हणजे ज्या देशात आमचा निम्मा माल जातो तिथलं.

"कागद कमी पडले का?" मी विचारलं.

"नाही. नकली आहे म्हणून."

"नकली? कुणाची नक्कल?"

"खेकडा छापची," ताई म्हणाल्या. मागून कुणीतरी हसलं. मग ताईंचा चेहरा बघून त्याचं हसू घशातच राहिलं. "सगळ्या कात्र्या मोडून टाकणार म्हणतात. नकली मालाचं तिकडे तसंच करतात."

मी आजवर पुष्कळ ऐकलंय, पण हे कानात शिरेना. ज्या कात्र्यांना मी या हातांनी धार लावली, ज्यांच्यावर मावशीनं डोळ्यांदेखत खेकडा उमटवला, त्या आमच्याच कात्र्या आमची नक्कल? उद्या कुणी येऊन सांगेल की तू तूच नाहीस.

दुपारी वकीलबाई आल्या. ताईंनी त्यांना भिंतीवरचं थोरल्या मालकांनी फ्रेम करून लावलेलं प्रमाणपत्र दाखवलं. खेकडा आमच्या नावावर नोंदलेला होता, शिक्क्यासकट. थोरले मालक त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचे, आता जगात कुणाची हिंमत आहे बघू. वकीलबाईंनी ते नीट वाचलं. बाई चांगल्या होत्या, आमच्या अडाणीपणाला हसल्या नाहीत.

"ही नोंदणी इथल्या वेशीपर्यंतची," त्या म्हणाल्या. "पलीकडच्या प्रत्येक देशाचं दार वेगळं ठोठवावं लागतं. एकाच अर्जात पुष्कळ देश निवडायचीही सोय आहे, पण अर्ज करावा लागतो. तो तुम्ही केला नाहीत. तिकडे दुसऱ्या कुणीतरी केला. तिथं जो आधी येईल त्याचं नाव लागतं. मग त्यानं कस्टमवाल्यांना कळवलं की हा खेकडा माझा, दुसऱ्याच्या मालावर दिसला तर अडवा."

"पण आम्ही थोरल्या मालकांच्या काळापासून तिकडे माल पाठवतोय," मी म्हणालो.

"ते उपयोगी पडेल," त्या म्हणाल्या, "पण तेवढ्यानं भागणार नाही." आणि त्यांनी एक मोठं चित्र माझ्या बाकावर पसरलं. "ही त्यांनी नोंदलेली खूण. चित्रकार एक नांगी काढायला विसरलेला दिसतोय. कस्टमवाल्यांनी त्यावरूनच ठरवलं. नोंदलेल्या खेकड्याला एक नांगी, तुमच्याला दोन, म्हणजे तुमचा खोटा."

यावर खरं तर आमच्यात हशा पिकायला हवा होता. कुणी हसलं नाही. नांगी विसरलेली नव्हती, उडालेली होती. तिरपी, मुळापासून. आमच्यातल्या जुन्या प्रत्येकानं त्या चहाचा कप हातात घेऊन तो ठसा पाहिलेला होता. मी मुद्दाम मावशीकडे बघायचं टाळलं.

मावशीनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "हा माझा ठसा आहे," ती म्हणाली.

वकीलबाईंना कळेना. ताईंना कळलं. "मावशी, तो ठसा आता कुठं आहे?"

"मुलाकडे. परदेशी निघाला तेव्हा मीच दिला."

ताईंनी वकीलबाईंच्या हातातला कागद घेतला आणि अर्जदाराचं नाव वाचलं. आधी त्यांनीही ते वाचलं असणार, पण मावशीच्या पोराला आम्ही कधी कागदावरच्या नावानं हाक मारलीच नव्हती. आता ताईंनी ते पूर्ण वाचलं, बापाच्या नावासकट. ते बापाचं नाव म्हणजे ज्यानं मावशीच्या आधी त्याच ऐरणीवर खेकडे उमटवले त्याचं. ते नाव कारखान्यात पुन्हा मोठ्यानं घेतलं गेलं ते असं, याचा मला आजही संताप येतो.

मावशी खाली बसली. कुणीतरी पाणी आणलं, ते तिनं घेतलं नाही.

वकीलबाईंनी पुढचं सांगितलं ते हळू आवाजात. नोंद रद्द होऊ शकते. पण त्यासाठी दाखवावं लागेल की अर्ज करताना त्याला पक्कं ठाऊक होतं की खूण दुसऱ्याची आहे. ठसा त्याच्याकडे कसा आला, काय सांगून दिला, हे सांगणारं माणूस हवं. ते माणूस समोरच बसलं होतं. नोंद तशीच राहिली तर निम्मा कारखाना बंद करावा लागणार होता, हेही सगळ्यांना कळत होतं.

"मावशी," ताई म्हणाल्या, "मी तुम्हाला साक्ष द्या म्हणणार नाही. तुम्ही आई आहात." एवढं बोलून त्या वर निघून गेल्या. मला तेव्हा ताई त्यांच्या वडिलांपेक्षा मोठ्या वाटल्या.

रविवारी मावशीनं मला घरी बोलावलं. "तू बस नुसता. मला एकटीला नीट ऐकू येत नाही," म्हणाली. ऐकू येत नाही म्हणून ती फोन नेहमी स्पीकरवरच ठेवायची. फोन वाजला, पडद्यावर मुलाचा चेहरा दिसला. अंगानं भरला होता.

"काका पण आहेत का? वा वा." त्याचा आवाज मोकळा होता. त्यावरून मला वाटलं, काहीतरी गैरसमज असेल, सुटेल. काय भोळा मी.

"खेकडा तुझ्या नावावर केलास?" मावशीनं सरळ विचारलं.

"हो. तुला सांगणारच होतो. आई, इथल्या बाजारात खोट्या खेकडा छाप कात्र्यांचा सुळसुळाट झाला होता. मी नोंदवलं नसतं तर दुसऱ्या कुणीतरी नोंदवलं असतं. मी वाचवलं म्हण ना."

"मग ताईंना का नाही कळवलंस?"

"सगळं एकदम जमत नाही गं. धंदा उभा करायचा होता."

"तू आमच्याच कात्र्या विकतोस ना?" मी विचारलं.

"तुमच्या महाग पडतात, काका. मी इथंच एका कारखान्यात बनवून घेतो. मशीनवर. तुमच्यासारखी हातानं धार आता कोण लावतं?"

मी उठून खिडकीपाशी गेलो. नाहीतर तो फोन माझ्या हातून फुटला असता. आमचा खेकडा, तोही नांगी तुटलेला, आणि खाली दुसऱ्याचं लोखंड. चोरी करणारे पुष्कळ पाहिले, पण चोरून वर खऱ्या मालकाला नकली ठरवणारा घरातला निघावा, हे माझ्या डोक्यात मावत नव्हतं.

"ताईंना सांग, घाबरू नका म्हणावं," मागून त्याचा आवाज आला. "त्यांना इथं माल विकायचा असेल तर मी परवानगी देईन."

"परवानगी," मावशी म्हणाली.

"आई, आणि तूच म्हणाली होतीस ना, हा आता तुझा."

"म्हणाले होते."

"मग झालं तर."

"मेलेला ठसा होता रे तो. मेलेला ठसा मारत नाहीत. तुला माहीत आहे."

"तिकडचं इकडे चालत नाही, आई," तो म्हणाला, आणि जेवायला निघायचंय म्हणून त्यानं फोन ठेवला.

मावशीनं फोन पालथा ठेवला. मग म्हणाली, "मी साक्ष देते."

"विचार कर," मी म्हणालो. "घाई नको."

"आणि 'तुझा' म्हणाले होते, ते पण सांगणार. अर्धं खरं सांगायला डोकं लागतं, ते माझ्याकडे नाही." मग जरा थांबून, "आई उभी राहतेय म्हटल्यावर तो अर्ज मागे घेईल बघ. शरमेनं घेईल. माझा पोरगा आहे तो."

पुढे सुनावणी येईपर्यंत ती मला हेच ऐकवत राहिली. सकाळी येतानाच, "आज कळवेल बघ." मी हो म्हणायचो. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. त्या पोरानं आमच्यासमोर बसून पाढे पाठ केले होते, तो आईला साक्षीदाराच्या खुर्चीत बसू देईल हे पटतच नव्हतं.

त्यानं बसू दिलं. वकीलबाईंच्या ऑफिसात भिंतीवर मोठा पडदा होता. त्यावर तिकडचे अधिकारी, मुलाचा वकील, आपली भाषा जाणणारा एक दुभाषी, आणि एका चौकटीत तो. आईकडे न बघता तो टेबलाकडे बघत होता. मावशीनं ठेवणीतले कपडे घातले होते. त्यांच्या बाह्या नीट बसल्या आहेत का हे ती पुन्हापुन्हा बघत होती. ताई आणि मी मागे खुर्च्यांवर होतो.

वकीलबाईंनी विचारलं तसं तिनं सगळं सांगितलं. नवरा, ऐरण, ठसे, रीत, नियम. मुलाला ठसा का दिला, तर परमुलखात घरची आठवण असावी म्हणून. देताना काय म्हणालात?

"हा आता तुझा, म्हणाले."

ताईंनी माझा हात गच्च धरला. मुलाच्या वकिलानं काहीतरी लिहून घेतलं. मावशी पुढे म्हणाली, "पण पुन्हा मारायचा नाही हे त्याला सांगावं लागलं नाही. आमच्यात ते लहान पोरालाही माहीत असतं."

मग मुलाचा वकील बोलायला लागला. त्यानं एक कागद उचलला. मुलानं शपथेवर लिहून दिलेलं निवेदन. दुभाष्यानं ते आपल्या भाषेत वाचलं, अगदी सपाट आवाजात, बातम्या वाचल्यासारखं.

"माझी आई सदर कारखान्यात झाडू मारण्याचे काम करीत असे. ठसे अथवा हत्यारे यांच्याशी तिचा कधीही संबंध आला नाही. तिने मला कोणताही ठसा दिलेला नाही. सदर चित्र मी स्वतः, लहानपणी समुद्रकिनारी पाहिलेल्या एका जखमी खेकड्यावरून काढले."

मला वाटलं, मी काहीतरी भलतंच ऐकलं. समुद्र त्या पोरानं पहिल्यांदा पाहिला तो विमानातून, तसा फोन त्यानंच केला होता. पण समुद्राचं सोडा. झाडू. ज्या हातानं त्याच्या शाळेची फी भरली, ज्याच्यासाठी शिंपी दोनदा फीत लावायचा, तो हातच त्यानं पुसून टाकला होता. ताई रडत होत्या. वकीलबाईंनीही हे आधी पाहिलेलं नव्हतं. कागद त्याच सकाळी दाखल झाला होता आणि त्या चटकन हरकत घेऊ लागल्या. मावशीनं त्यांना हातानं थांबवलं.

"परत वाचा," ती म्हणाली.

दुभाष्यानं परत वाचलं. या वेळी त्याचा आवाज तितका सपाट नव्हता.

"सही कुणाची?"

"त्यांची. शपथेवर."

मावशीनं चौकटीकडे पाहिलं. तो अजून टेबलाकडेच बघत होता. अधिकाऱ्यांनी विचारलं, हे निवेदन खरं आहे का? वकीलबाईंनी आम्हाला आधीच बजावलं होतं की तिकडे शपथेवर खोटं लिहिणं ही साधी गोष्ट धरत नाहीत. म्हणजे आता मावशी नाही म्हणाली की नुसती नोंद जाणार नव्हती, पोरगाही अडकणार होता. आणि आठवत नाही म्हणायला तिला कुणी अडवलं नव्हतं. वय झालंय, कान गेलाय, कुणी दोष दिला नसता. मीही दिला नसता, देवाशपथ.

"झाडू मारायचे," ती म्हणाली. वकीलबाईंनी डोळे मिटले. "नवरा गेला तेव्हा. काही महिने. त्याची लाज नाही मला. मग ठोकायला लागले ते आजपर्यंत ठोकतेय. त्यानं बघितलंय. रोज बघितलंय. माझ्यासमोर बसून अभ्यास करायचा." तिनं चौकटीकडे बोट केलं. "तो खोटं बोलतोय."

दुभाष्यानं जरा थांबून ते तिकडच्या भाषेत सांगितलं. मुलाच्या वकिलानं आणखी काही विचारायचं नाही म्हटलं. तेवढ्यात मुलाची चौकट काळी झाली. त्यानं बंद केली की तिथली वीज गेली, ते कळलं नाही. मावशी पडद्याकडे बघत राहिली. सगळ्यांचे चेहरे गेले, पडदा पांढरा झाला, तरी उठेना. शेवटी ताईंनी आणि मी दोन्ही बाजूंनी धरून तिला उठवलं.

यथावकाश निकाल लागला. नोंद रद्द झाली, खेकडा तिकडेही आमच्या नावावर आला, अडकलेला माल सुटला. खोट्या शपथेचं काय करायचं ते तिकडचे बघतील, वकीलबाई म्हणाल्या. ताईंनी लगेच दुसऱ्या देशांसाठीही अर्ज केला. मला नावं घेता येत नाहीत अशा देशांपुढेसुद्धा त्यांनी खुणा केल्या. आणि मेलेले ठसे आता घरी जात नाहीत. वकीलबाईंनी सांगितलं तसं त्यांचा सगळ्यांसमोर घणाखाली गोळा करतात. चहा होतो, पण तो कडू लागतो. कुणीतरी एकदा पुटपुटलं की हिच्या पोरापायी रीत गेली. त्याला मी जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

मावशी कामाला येत होती. ठोका तसाच होता. जीभ मात्र गेली. लोकांनी मुद्दाम उशिरा येऊन बघितलं, तिनं आरती काढली नाही. फोन ऐरणीजवळच्या खिडकीत ठेवलेला असायचा आणि रविवारी काय करते हे मी विचारायचं धाडस केलं नाही. तिचा पोरगा फोन करत नव्हता.

मग एका दुपारी, सुट्टीत, फोन वाजला. मी डबा उघडत होतो. तिनं नेहमीसारखा स्पीकरवर घेतला.

"आई."

"बोल."

"दुकान बंद केलं."

"कळलं."

मी डबा तसाच ठेवला. आजूबाजूचे दोघे-तिघे उठून बाहेर जायला लागले, पण पाय निघत नव्हते कुणाचे.

"आई, ते झाडूचं मी नव्हतं लिहिलं. वकिलानं लिहिलं होतं. तो म्हणाला, असंच लिहावं लागतं, नाहीतर केस उभी राहत नाही. मी नुसती सही केली."

मावशीनं फोन चांगल्या कानाजवळ आणला. "सही करायच्या आधी वाचलं होतंस?"

मी मनात म्हटलं, नाही म्हण. गाढवा, नाही म्हण. एवढं एक खोटं बोल, तिला बरं वाटेल. त्याच्या जागी कुणीही नाही म्हणालं असतं. मी तर म्हणालोच असतो.

"हो," तो म्हणाला. "वाचलं होतं."

मावशी "बरं" म्हणाली. "रविवारी फोन कर." आणि फोन ठेवला.

मला तिच्याकडे बघवेना. वाटलं, आता ही कोसळणार. ती माझ्याकडे वळली तेव्हा चष्म्याच्या खालून पाणी वाहत होतं आणि तोंडावर, काय सांगू, आनंद होता.

"ऐकलंस का रे, सहाण्या?" ती म्हणाली. "वाचलं होतं म्हणाला. मला नाही खोटं बोलला."